मदत करणाऱ्याचं भान

दुसऱ्याला मदत करावी, हे सांगण्यासाठी रेडिओवर कुणाला बोलवावं लागत नाही. शाळेतल्या सुविचाराच्या फळ्यापासून जुम्म्याच्या खुत्ब्यापर्यंत आणि कीर्तनापासून निवडणुकीच्या सभेपर्यंत ते सगळीकडे सांगितलं जातं. पण मदत करताना मदत करणाऱ्यानं स्वतःच्या मनाकडे कसं पाहावं, समोरच्या माणसाशी कोणत्या नात्यानं बोलावं, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून अनेकदा मदत होते आणि माणूस मात्र होता तिथेच राहतो. कधी तर मदत घेणारा आणखी खाली जातो आणि देणारा आणखी वर चढतो.

या प्रश्नाचं एक उत्तर आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या इतिहासात आहे. ते दोन शब्दांचं आहे आणि तळोदा, शहादा, अक्कलकुव्याच्या गावांत आजही एकमेकांना भेटताना ते उच्चारलं जातं. ते शब्द म्हणजे ‘आप की जय’.

आमच्या घरात बोलीचे तीन मजले होते. तू, तुम आणि आप. धाकट्याला तू, बरोबरीच्याला तुम आणि वडीलधाऱ्याला आप. पाहुण्यालाही आप. लहानपणी हे व्याकरण वाटायचं. मोठेपणी कळलं की, हे व्याकरण फारच थोडं आणि समाजशास्त्रच जास्त आहे. कोण कुणाला कोणत्या मजल्यावर उभं करतो, हे त्या एका शब्दावरून समजतं. आणि ज्या माणसाला साऱ्या आयुष्यात कुणीच ‘आप’ म्हटलेलं नसतं, तो स्वतःलाही मनातल्या मनात कोणत्या शब्दानं हाक मारत असेल, याचा विचार आपण सहसा करत नाही.

आता थोडा इतिहास पाहू. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधीचं धुळे म्हणजे इंग्रजी अमदानीतला पश्चिम खानदेश. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, त्यातला हा पश्चिमेकडचा. उत्तरेला सातपुडा, पलीकडे नर्मदा, मध्ये तापीचं काळ्या मातीचं खोरं. डोंगरात आणि डोंगराच्या पायथ्याशी भिल्ल, पावरा, मावची, कोकणी असे आदिवासी. सपाटीवरची चांगली जमीन हळूहळू त्यांच्या हातून निसटत गेली. कधी सावकाराच्या कागदावर अंगठा उठला म्हणून, कधी सारा थकला म्हणून. जो जमिनीचा धनी होता, तो तिच्यावरच सालदार झाला.

या घसरणीत दारूचा वाटा मोठा होता. मोहाची दारू ही आदिवासींच्या घरची गोष्ट. लग्नात, मयतीत, देवकार्यात ती लागायची. आधी धरणीला आणि पूर्वजांना धार सोडायची, मग माणसांनी घ्यायची. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानं हा सारा व्यवहार बदलून टाकला. घरी गाळणं गुन्हा ठरला. दारू सरकारच्या परवान्यानं गाळली जाऊ लागली आणि मक्तेदारांच्या दुकानांतून विकली जाऊ लागली. देवाची वस्तू बाजाराची झाली. विकत घ्यायची तर पैसा हवा, पैसा नसेल तर उधारी, उधारी फिटली नाही तर धान्य, आणि धान्य संपलं तर जमीन. आदिवासी दारूपायी बुडाला असं आपण सहज म्हणतो. त्याला बुडवणारी ही सारी व्यवस्था त्या वाक्यात दिसत नाही.

या व्यवस्थेतून बाहेर पडण्याची पहिली मोठी हालचाल आपल्या शेजारी झाली. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्याकडच्या कोळी वस्त्यांतून देवीला शांत करण्याचा एक विधी निघाला आणि घाट चढत, गावोगाव पसरत डांग आणि सुरत जिल्ह्यापर्यंत गेला. मांडव घालून लोक बसत. साध्यासुध्या माणसांच्या अंगात देवी येई आणि ती त्यांच्याच तोंडून बोले. दारू-ताडी सोडा, मांसमच्छी सोडा, रोज आंघोळ करा, घर स्वच्छ ठेवा. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ साली या चळवळीवर पुस्तक लिहिलं आणि अभ्यासकांच्या जगात तिला तिचं स्थान मिळालं. तोपर्यंत अनेकांनी ‘अडाणी लोकांचं अंगात येणं’ म्हणून ती सोडून दिली होती.

मला त्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. दारू सोडा, हे सांगणारा आवाज बाहेरच्या कुठल्या सुधारकाचा नव्हता. तो त्याच वस्तीतल्या एखाद्या बाईच्या, एखाद्या गड्याच्या तोंडून येत होता. देवीवर आपला विश्वास असो वा नसो, आपल्यात काय चाललं आहे हे आपल्याच माणसाच्या तोंडून ऐकणं, ही त्या मांडवातली खरी घटना होती.

पुढे सोळा वर्षांनी, १९३८ मध्ये, तळोदा तालुक्यातल्या मोरवड या गावी गुलाम महाराज पुढे आले. गुला महाराज असंही त्यांचं नाव सांगितलं जातं. ते स्वतः भिल्ल होते. दारू सोडा, स्वच्छ राहा, भांडणतंटे टाळा, चोरी करू नका, हा त्यांचा सांगावा. मोरवडला आरतीसाठी हजारोंच्या संख्येनं आदिवासी जमू लागले. आणि सगळ्यांसाठी एकच अभिवादन होतं, ‘आप की जय’. त्याच वर्षी गुलाम महाराजांचं निधन झालं. त्यानंतर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी हे काम पुढे नेलं. मोरवडचं ते स्थान आज रंजनपूर म्हणून ओळखलं जातं आणि ‘आप’ मानणारा मोठा परिवार तिथं आजही जमतो.

‘आप की जय’ या अभिवादनाकडे नीट पाहा. ‘अमुक महाराज की जय’ असं त्यात नाही. ज्याला भेटलो, त्याचाच जयजयकार आहे. म्हणजे तुमचा विजय असो. पाटलाच्या वाड्यावर, सावकाराच्या ओट्यावर, फौजदाराच्या टेबलासमोर ज्याला ‘ए’ आणि ‘अरे’ याखेरीज दुसरी हाक ठाऊक नव्हती, त्या माणसाला दुसरा भिल्ल भेटतो आणि ‘आप’ म्हणतो. ऐकणारा क्षणभर मागे वळून पाहत असेल, हे कुणाला म्हणतोय म्हणून. आणि मग लक्षात येत असेल की, मागे कुणी नाही. हे मलाच म्हटलं आहे.

गुलाम महाराजांनी ग्रंथ लिहून ठेवला नाही. त्यांच्या कामाचा मनाच्या अंगानं विचार करायचा तर आपल्याला थोडं लांब जावं लागेल. तेही माणसाच्या मनावर उपचार करणाऱ्या, त्याच काळातल्या दुसऱ्या काही लोकांकडे.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, तेव्हा फ्रिट्झ पर्ल्स आणि त्यांची पत्नी लॉरा हे ज्यू जोडपं जर्मनी सोडून निघालं. आधी हॉलंड, मग दक्षिण आफ्रिका आणि दुसऱ्या महायुद्धानंतर न्यू यॉर्क, असा त्यांचा प्रवास झाला. १९५१ मध्ये राल्फ हेफरलाइन आणि पॉल गुडमन यांच्यासह पर्ल्स यांचं पुस्तक निघालं आणि ‘गेस्टाल्ट’ या नावाची उपचारपद्धती जगापुढे आली. गेस्टाल्ट हा जर्मन शब्द. त्याचा अर्थ आकृती, सगळं मिळून दिसणारं रूप. या पद्धतीचा सारा भर एका गोष्टीवर आहे आणि तिला मराठीत ‘भान’ हा नेमका शब्द आहे. आत्ता, या क्षणी, माझ्या मनात आणि शरीरात काय चाललं आहे याचं भान.

ही पद्धत कशी चालते, ते एका साध्या उदाहरणानं सांगतो. एखादा माणूस म्हणतो, मला माझ्या भावाचा अजिबात राग नाही. पण बोलताना त्याची मूठ आवळलेली असते. उपचार करणारा त्याला ‘तुला राग आहे’ असं सांगत नाही. ‘राग का आहे’ याचं उत्खननही लगेच सुरू करत नाही. तो एवढंच म्हणतो, तुमच्या हाताकडे जरा पाहाल का? माणूस स्वतःच्या मुठीकडे पाहतो. पुढचं काम ती मूठ करते.

पर्ल्स यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. प्रत्येकाच्या आत दोन आवाज भांडत असतात. एक वरचढ, दुसरा दबलेला. वरचढ सतत दरडावतो, हे कर, ते सोड, तुला लाज कशी वाटत नाही. दबलेला मान खाली घालून म्हणतो, हो हो, उद्यापासून नक्की. आणि पर्ल्स सांगतात की, या भांडणात बहुतेक वेळा जिंकतो तो दबलेलाच. कारण तो कधी नाही म्हणत नाही आणि कधी करतही नाही.

आपल्याकडे दारू पिणाऱ्या माणसाच्या घरात हे भांडण रोज ऐकू येतं. सकाळी शपथ, संध्याकाळी गुत्ता. आता अशा माणसाजवळ जाऊन आपण उपदेश करतो, पोराबाळांचा विचार कर म्हणतो, तेव्हा काय होतं? त्याच्या आतल्या वरचढ आवाजाला आपण बाहेरून कुमक पाठवतो. आणि वरचढ जितका चढतो, तितका दबलेला हुशार होतो. तो आपल्या पाया पडतो, डोळ्यांत पाणी आणतो, आपलं समाधान करतो. आपण घरी जातो, मदत केली असं वाटून शांत झोपतो. तो मात्र तिथेच असतो.

आर्नल्ड बैसर हे या पद्धतीतले एक मानसोपचारतज्ज्ञ. तरुणपणी ते उत्तम टेनिस खेळत. ऐन पंचविशीत पोलिओ झाला आणि शरीर लुळं पडलं. १९७० मध्ये त्यांनी एक छोटा लेख लिहिला. त्याचं सार असं की, माणूस आपण जे नाही ते होण्याची धडपड करतो तोवर बदलत नाही. आपण जे आहोत ते पुरतेपणी पाहतो, तेव्हा बदलू लागतो. खुर्चीला खिळलेल्या माणसानं हे लिहिलं आहे, हे लक्षात घेतलं की त्याचं वजन कळतं.

आपल्या परंपरेला हे परकं नाही. सूफींकडे मुराकबा आहे. मुराकबा म्हणजे स्वतःच्या मनावर पहारा देत बसणं. विपश्यनेत श्वासाकडे पाहणं आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ लिहिला, त्यातली लढाई बाहेरच्या शत्रूशी नसून स्वतःच्या मनाशी आहे. मात्र पर्ल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवी गोष्ट ठासून सांगितली. हे भान एकट्यानं गुहेत बसून येतं तसं दोन माणसांच्या भेटीतही येतं. आणि त्या भेटीत उपचार करणाराही उघडा असावा लागतो. त्यालाही स्वतःच्या मुठीकडे पाहावं लागतं.

भेटीचा हा विचार मार्टिन बुबर या तत्त्वज्ञाकडून आलेला आहे. लॉरा पर्ल्स यांच्यावर बुबर यांचा मोठा प्रभाव होता. १९२३ मध्ये बुबर यांचं ‘मी आणि तू’ या अर्थाच्या नावाचं जर्मन पुस्तक प्रसिद्ध झालं. माणूस जगाशी दोन प्रकारे बोलतो, असं ते म्हणतात. एक ‘मी आणि ते’. यात समोरचा माणूस ही वस्तू असते, प्रकरण असतं, लाभार्थी असतो, दारुड्या असतो. दुसरा प्रकार ‘मी आणि तू’. यात समोर एक पूर्ण माणूस असतो आणि त्याच्याशी बोलताना मीही पूर्ण असतो.

इथं मराठी माणसाच्या मनात एक शंका येईल. बुबर तर ‘तू’ म्हणतात आणि गुलाम महाराज ‘आप’ म्हणतात. मग दोघांचं एक कसं? मराठीतला ‘तू’ दोन तोंडांचा आहे. विठ्ठलाला आपण तू म्हणतो, मायलाही तू म्हणतो. तो जवळिकीचा तू. आणि सालदारालाही तू म्हणतो. तो हुकमाचा तू. बुबर यांचा तू हा विठ्ठलाचा तू आहे. पण ज्या माणसाच्या वाट्याला फक्त हुकमाचा तू आलेला आहे, त्याच्यापर्यंत जवळिकीचा तू पोहोचत नाही. मधला रस्ता खराब झालेला असतो. त्याच्यासाठी ‘आप’पासूनच सुरुवात करावी लागते. गुलाम महाराजांनी बुबर वाचले असण्याची काही शक्यता नाही. त्यांनी आपली माणसं वाचली होती.

मोरवडला नियम नव्हते असं मी म्हणत नाही. नियम होतेच आणि कडक होते. पण नियमाच्या आधी सन्मान होता. आधी तू दारू सोड, मग तुला माणूस म्हणू, असा व्यवहार नव्हता. आधी ‘आप’, मग आरती, मग दारूचं बोलणं. त्याच सुमारास, १९३७ ते १९३९ या काळात, मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ होतं आणि दारूबंदीची पावलं सरकारी पातळीवरही पडत होती. १९४९ मध्ये तर दारूबंदीचा मोठा कायदाच झाला. कायद्यानं गुत्ता बंद होतो, हे खरं. पण उद्यापासून सोडतो म्हणणारा आतला आवाज कायद्याला सापडत नाही.

हा धागा पुढे कसा गेला, तेही पाहण्यासारखं आहे. शहादा परिसरात अंबरसिंग सुरतवंती नावाचे भिल्ल कार्यकर्ते होते. भजनं म्हणत गावोगाव फिरायचे, म्हणून लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत. सर्वोदयाच्या वळणाचे होते. १९७१ च्या मे महिन्यात शहादा तालुक्यात पाटीलवाडी इथं भुकेल्या आदिवासींचा धान्यावरून संघर्ष झाला, गोळीबार झाला आणि एक आदिवासी मरण पावला. त्यानंतर शहरांतून तरुण कार्यकर्ते आले. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्याला भूमुक्ती परिषद भरली, त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. गहाण पडलेल्या जमिनी, सालदारांची मजुरी, दुष्काळातली कामं, हे प्रश्न रस्त्यावर आले. १९७४ मध्ये अंबरसिंग महाराज गेले. अवघ्या काही वर्षांचं काम, पण शहादा-तळोद्याच्या आदिवासींनी मान वर केली ती त्या वर्षांत.

त्या दिवसांतली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट बायकांची आहे. जमीन आणि मजुरीसाठी शिबिरं भरत होती. बायका तिथं बोलू लागल्या तेव्हा त्यांनी कार्यक्रमपत्रिकेत नसलेला विषय काढला, नवऱ्याची दारू आणि घरातली मारहाण. मग त्या टोळक्यांनी निघाल्या. गावोगावच्या दारूच्या भट्ट्यांवर गेल्या आणि मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्याला चारचौघांत जाब विचारू लागल्या. मदत करायला आलेल्यांनी जी यादी आणली होती, तिच्यात हे नव्हतं. त्यांचं श्रेय एवढंच, आणि ते मोठं आहे, की त्यांनी बायकांना बोलू दिलं आणि यादी बाजूला ठेवली. मदत करणाऱ्याच्या भानाचा यापेक्षा चांगला धडा मला कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही. आपण काय द्यायला आलो आहोत, याचा विसर पडला तरच समोरच्याला काय दुखतं आहे, ते ऐकू येतं.

याच चळवळीतून आलेले आदिवासी कवी म्हणजे वाहरू सोनवणे. १९८७ मधला त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह आपल्याकडे सर्वांना परिचित आहे. ‘स्टेज’ या कवितेत त्यांनी मदत करणाऱ्यांना आरसा दाखवला आहे. आदिवासी खाली बसलेले आहेत आणि व्यासपीठावरची माणसं त्यांचं दुःख त्यांनाच समजावून सांगत आहेत, असं ते चित्र आहे. कवी म्हणून मी ती कविता अनेकदा वाचली. तिच्यात शत्रूवर राग नाही. जो आपला आहे, आपल्या भल्यासाठीच बोलतो आहे, त्याच्याविषयीची वेदना आहे. चळवळीच्या आतल्या माणसानं हे लिहावं, यातच भान आहे.

दुःखी माणूसच दुःखी माणसाला हात देऊ शकतो, हे सूत्र जगात इतरत्रही सापडलेलं आहे. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी दारूनं पोळलेली दोन माणसं भेटली. एक शेअर बाजारातला दलाल, दुसरे डॉक्टर. एकमेकांशी बोलत दोघंही दारूपासून दूर राहिले आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. तिथं व्याख्याता नसतो. प्रत्येक जण आपलं सांगतो. दुसऱ्याला मदत करणं हा स्वतः सावध राहण्याचाच एक भाग मानला जातो. आपल्याकडे १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला पाठबळ दिलं. व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच तिथं पुढे इतरांच्या मदतीला उभी राहिली. पेशंटला गुन्हेगार न मानणं ही तिथली पहिली पायरी. मोरवडची आरती, अ‍ॅक्रनची बैठक आणि पुण्याचं केंद्र यांची भाषा निराळी आहे, देव निराळे आहेत. पण सुरुवातीचा शब्द एकच आहे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाही तर हे भाषण भजन होईल.

पहिला धोका शुद्धतेचा. देवीच्या चळवळीनंतर दक्षिण गुजरातच्या गावांत दारू-मांस सोडलेले आणि न सोडलेले असे दोन तट पडले. सोडलेल्यांना वर्जेला आणि न सोडलेल्यांना सर्जेला म्हणत. जे जागे झाले त्यांनी झोपलेल्यांना कमी लेखायला सुरुवात केली. भान आलं की त्याच्यामागून अहंकार येतो. खुद्द पर्ल्स यांच्याबाबतही असं म्हटलं जातं की, उतारवयात कॅलिफोर्नियात ते भरल्या सभेत लोकांना खुर्चीवर बसवून त्यांच्या मनाची चिरफाड करत आणि त्यात उपचार किती आणि तमाशा किती, असा प्रश्न लोकांना पडे. दुसऱ्याला जागं करण्याचीही नशा असते आणि ती सोडवणारं केंद्र अजून निघालेलं नाही.

दुसरा धोका दुःखाला चुकीचं नाव देण्याचा. आपल्याच जिल्ह्यात मूल आजारी पडलं, गुरं मेली की गावातल्या एखाद्या बाईला डाकीण ठरवण्याची अघोरी रीत चालत आलेली आहे. तिथंही कुणी तरी ‘मदत’ करत असतो. घाबरलेल्या कुटुंबाला तो कारण शोधून देतो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी याविरुद्ध इथं वर्षानुवर्षं काम केलं आणि २०१३ मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भीतीचं भान येण्याआधीच तिला शत्रू मिळवून देणं, ही मदतीची सर्वांत वाईट जात. आणि ती फक्त डोंगरातच आहे असं समजू नका. शहरांतही समाजाच्या भीतीला शत्रू पुरवणारे पुष्कळ आहेत. मुसलमान म्हणून मला ते चांगलं ठाऊक आहे.

तिसरी मर्यादा सर्वांत मोठी. भानानं पोट भरत नाही. मजुरी बुडत असेल, जमीन गेलेली असेल, मूल कुपोषित असेल तर ‘तुमच्या श्वासाकडे पाहा’ म्हणणं ही थट्टा आहे. म्हणूनच मला ‘आप की जय’ आणि भूमुक्ती परिषद या एकाच रस्त्यावरच्या दोन मजला वाटतात. पहिलीत माणसाला स्वतःची किंमत कळली. दुसरीत त्यानं ती मागितली. पहिली झाली नसती, तर दुसरीला माणसं कुठून आली असती? आणि दुसरी झाली नसती, तर पहिलीतली माणसं नुसती आरतीत राहिली असती.

मग आपण काय करावं? आपण म्हणजे पाड्यावर जाणाऱ्या आशाताई, आश्रमशाळेतले गुरुजी, तहसील कचेरीतले कारकून, आणि ज्याचा बाप किंवा भाऊ रोज पिऊन येतो असा एखादा मुलगा. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. आजार मोठा असेल तर डॉक्टरकडेच गेलं पाहिजे, आणि दारू अनेक वर्षांची असेल तर ती एकाएकी तोडण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. पण रोजच्या मदतीपुरत्या तीन गोष्टी या इतिहासातून मला घ्याव्याशा वाटतात.

एक, मदतीला निघण्याआधी स्वतःच्या मनाला विचारावं की, मी का निघालो आहे? कीव आली म्हणून, राग आला म्हणून, चांगलं दिसावं म्हणून? उत्तर काहीही असो, लाजायचं कारण नाही. ते ठाऊक असलं पाहिजे, एवढंच. ठाऊक नसलेला राग उपदेशाच्या तोंडून बाहेर पडतो.

दोन, समोरच्याला ज्या शब्दानं हाक मारतो तो शब्द तपासावा. आशाताई पाड्यावर गेल्या आणि म्हणाल्या, ‘कितीदा सांगितलं तुला, दवाखान्यात ये म्हणून’, तर बाई मान हलवेल आणि येणार नाही. ‘तुम्हाला तिथं यायला कशाची धास्ती वाटते?’ असं विचारलं तर कदाचित बस नाही हे कळेल, सासू नको म्हणते हे कळेल, मागच्या वेळी कुणी तरी हिडीसफिडीस केलं होतं हे कळेल.

तीन, गप्प बसता आलं पाहिजे. आम्हा कवींना आणि वक्त्यांना हे सर्वांत जड जातं. समोरचा माणूस थांबला की आपण लगेच शब्द पुरवतो. पण त्या थांबण्यातच तो स्वतःच्या मुठीकडे पाहत असतो. तेवढा वेळ त्याचा त्याला द्यावा.

इतिहासात राजांच्या लढायांना पानं मिळतात. तळोद्याजवळच्या एका गावात हजारो माणसांनी एकमेकांना आदरानं हाक मारायला सुरुवात केली, या घटनेला फार तर चार ओळी. पण एका जिल्ह्याचं मन कसं उभं राहिलं, हे समजून घ्यायचं असेल तर त्या चार ओळींपाशी थांबावं लागतं. मदतीसाठी पैसा लागतो, औषध लागतं, कायदा लागतो, संघटना लागते. हे सगळं जमवायला वेळ जातो. समोरच्याला पूर्ण माणूस म्हणून हाक मारायला मात्र काहीच लागत नाही, आणि ती आज संध्याकाळी, आपल्याच घरात मारता येते.